मेडिकल स्कूलच्या अर्जाआधी कम्युनिटी कॉलेजात जुने विषय परत घ्यावेत का?

एडिसनकर | शनिवार, सकाळी ९:१२

प्रश्न भाचीचा आहे, पण इतरांनाही उपयोग होईल म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मुलगी अमेरिकन नागरिक, राहणार न्यू जर्सी, मिडलसेक्स काउंटी. २०२२ मध्ये राज्य विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी, जोडीला प्री-मेडचे (मेडिकल स्कूलला आधी लागणारे) बहुतेक विषय. एकूण १२४ क्रेडिट, जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.१२. विज्ञान-गणिताची ४३ क्रेडिट अशी: जनरल केमिस्ट्री १ ला बी मायनस, २ ला सी. ऑर्गॅनिक १ ला सी मायनस, २ ला सी. फिजिक्स दोन्ही भाग बी मायनस. बायोलॉजी दोन्ही भाग बी. कॅल्क्युलस दोन्ही बी, स्टॅटिस्टिक्स बी प्लस (हा एकच तीन क्रेडिटचा, बाकी सगळे चारचे). बायोकेमिस्ट्री, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी घेतलेली नाही. एमकॅट (मेडिकल स्कूलची प्रवेशपरीक्षा) दिलेली नाही.

दिवसभर नोकरी आहे, त्यामुळे संध्याकाळचे किंवा शनिवारचेच वर्ग जमतील. कोणते विषय परत घ्यायचे? कम्युनिटी कॉलेजचं (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं) नाव बघून मेडिकल स्कूल नाक मुरडतात का? आणि दोन वर्षांत सगळं आटोपून अर्ज करता येईल का?

सोनचाफा | शनिवार, सकाळी ९:४०

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. विषय परत घेतल्याने जुनी ग्रेड पुसली जात नाही. बरीच कॉलेजं स्वतःचा जीपीए काढताना जुनी ग्रेड सोडून नवीनच धरतात, हे खरं. पण एमडीचे (अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या नेहमीच्या पदवीचे) अर्ज ज्या ॲमकास या सामायिक अर्ज-सेवेतून जातात ते कॉलेजचा जीपीए घेतच नाही, प्रत्येक ट्रान्सक्रिप्टवरून (ग्रेडच्या अधिकृत नोंदीवरून) स्वतः नव्याने मोजतं. त्यात दोन्ही प्रयत्न धरले जातात. ऑर्गॅनिक १ चा सी मायनस म्हणजे १.७ आणि परत घेऊन मिळालेला ए म्हणजे ४.०, तर त्या विषयाचं गणित २.८५ होतं, ४.० नाही.

डीओच्या (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरच्या पदवीच्या) एएकोमास या अर्ज-सेवेत पूर्वी शेवटची ग्रेडच धरायचे. ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. इंटरनेटवरचे जुने सल्ले अजून तेच सांगत असतात, त्यांच्या भरवशावर आखणी करू नका. टेक्सासच्या टीएमडीएसएएस या अर्ज-सेवेतही सगळे प्रयत्न मोजतात.

म्हणून 'काय परत घ्यायचं' या प्रश्नाचे दोन भाग करा. पूर्वअट म्हणून जो विषय मान्यच होत नाही तो परत घ्यावाच लागतो. बहुतेक शाळांना (म्हणजे मेडिकल स्कूलना) किमान सी लागते, म्हणजे तुमच्या यादीत असा एकच विषय आहे, ऑर्गॅनिक १. बाकीच्यांच्या बाबतीत विचारायचं ते इतकंच, की तेवढ्याच वेळात आणि पैशांत दुसरा एखादा वरचा विषय घेतला तर तो जास्त बोलेल का?

गणिती | शनिवार, सकाळी १०:२५

आकडे करून बघितले.

विज्ञान-गणिताचा जीपीए (ॲमकासच्या भाषेत बीसीपीएम) ४३ क्रेडिटवर २.६३ येतो. पुढे २८ क्रेडिट विज्ञानाची घेतली आणि सगळीकडे ए मिळाली, तर तो ७१ क्रेडिटवर ३.१७ होतो. सरासरी ए मायनस म्हणजे ३.७ राहिली तर ३.०५. एकूण जीपीए त्याच २८ क्रेडिटना सगळे ए धरून ३.१२ वरून ३.२८ होतो. फक्त १२ क्रेडिटचे विषय परत घेऊन थांबलं तर ३.२०.

एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी गेली काही वर्षं ३.७७ ते ३.७९ आणि एमकॅट ५११ ते ५१२ च्या दरम्यान आहे. डीओची साधारण ३.६ आणि ५०४ च्या आसपास. म्हणजे सरासरी हलवून तिथवर पोचणं या मुलीला शक्य नाही, कितीही क्रेडिट घेतली तरी.

पण ॲमकासच्या तक्त्यात पदवीनंतर घेतलेल्या अंडरग्रॅज्युएट विषयांची वेगळी ओळ असते. त्या ओळीत २८ क्रेडिट आणि ३.९ दिसलं, तर वाचणाऱ्याला चार-पाच वर्षांपूर्वीची मुलगी आणि आजची मुलगी वेगळी दिसते. सगळी मेहनत त्या ओळीसाठी करायची.

रानवारा | शनिवार, सकाळी १०:३१

गणिती, तेवढं ३.२८ मधल्या आकड्यांची जागा बदलून ३.८२ करून द्या, सगळा महाराष्ट्र मंडळ तुमचा सत्कार करेल. :-)

परीक्षानळी | शनिवार, सकाळी ११:०५

कम्युनिटी कॉलेजात सगळ्यात मोठी चूक कोर्स निवडताना होते, कारण तिथे एकाच नावाचे दोन-तीन कोर्स असतात.

केमिस्ट्रीचा एक कोर्स नर्सिंग आणि डेंटल हायजीनवाल्यांसाठी असतो. जनरल, ऑर्गॅनिक आणि बायोकेमिस्ट्री तिन्ही एकाच सेमिस्टरमध्ये वरवर उरकतात. नावात ॲलाइड हेल्थ, इंट्रोडक्टरी किंवा सर्व्हे असे शब्द दिसले की तो घ्यायचा नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठीचा, दोन सेमिस्टरचा, लॅबसह असलेला कोर्स हवा. बायोलॉजीचंही तेच, मेजर्ससाठीचा वेगळा, इतरांसाठीचा वेगळा. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी बीसीपीएममध्ये मोजली जाते, पण बहुतेक ठिकाणी ती जनरल बायोलॉजीची जागा घेत नाही. न्यूट्रिशन तर हेल्थ सायन्समध्ये जातं, बीसीपीएममध्ये येतच नाही.

फिजिक्स बीजगणितावर आधारित चालतं, कॅल्क्युलसवालं घ्यायची गरज नसते. पास-फेल पर्याय विज्ञानात कधीही निवडायचा नाही. लॅब प्रत्यक्ष हजर राहून करायची असेल तीच घ्यावी. ऑनलाइन लॅब काही शाळा मान्य करतात, काही नाही, आणि दोन वर्षांनी आपण कुठल्या शाळांना अर्ज करणार हे आज कुणालाच ठरवता येत नाही.

अमृतवेल | शनिवार, दुपारी १२:१८

माझं मत थोडं वेगळं. या मुलीने कम्युनिटी कॉलेजच्या वाटेला जाऊच नये. ज्या विद्यापीठात ऑर्गॅनिकला सी मायनस मिळाली, तिथून बाहेर पडून सोप्या ठिकाणी ए आणली, असा अर्थ निवड समिती सहज काढते. पहिल्यांदाच विषय घेणाऱ्याची गोष्ट निराळी. तो कुठेही शिकला तरी तुलनेला काही नसतं. इथे तुलना ट्रान्सक्रिप्टवरच छापलेली आहे.

संध्याकाळचे वर्ग हवे असतील तर केन, मॉन्टक्लेअर यांसारख्या राज्य विद्यापीठांत नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून नाव घालता येईल का ते बघा. क्रेडिटमागे पैसे जास्त जातील, पण ती नवी ओळ भक्कम होईल.

तळेगावची | शनिवार, दुपारी १२:४०

शाळा खरंच इतकं बघतात का? की फक्त ग्रेड बघतात?

परीक्षानळी | शनिवार, दुपारी १:१५

@तळेगावची, शाळेगणिक धोरण वेगळं. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या सशुल्क यादीत प्रत्येक शाळेच्या पानावर कम्युनिटी कॉलेजचे, ऑनलाइन आणि एपीचे (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेचे) क्रेडिट चालतात का हे स्वतंत्र दिलेलं असतं. बहुतेक शाळा कम्युनिटी कॉलेजचे विषय स्वीकारतात. काही 'चालतील, पण चार वर्षांच्या कॉलेजातले बरे' असं लिहितात. डीओच्या शाळा याबाबतीत सामान्यतः जास्त मोकळ्या आहेत.

@अमृतवेल, तुमचा मुद्दा सगळ्या विषयांना सारखा लागू करू नका. खालचे विषय कम्युनिटी कॉलेजात आणि त्यांच्यावर उभे असलेले वरचे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात, असं केलं तर 'सोपी जागा शोधली' हा आक्षेप उरत नाही. कम्युनिटी कॉलेजात ऑर्गॅनिक १ ला ए आणि लगेच विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीला ए, हा क्रम स्वतःच उत्तर देतो. तसंही बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, सेल बायोलॉजी हे वरच्या वर्षांचे विषय बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत नसतातच, त्यामुळे विद्यापीठात जावंच लागणार.

शिवाय एक साधी गोष्ट विसरली जाते. कम्युनिटी कॉलेजात लॅबच्या एका सेक्शनला साधारण २४ मुलं असतात आणि लॅब बहुतेकदा प्राध्यापकच घेतात. शिफारसपत्रासाठी ओळखणारा शिक्षक तिथे मिळतो. तीनशेच्या व्याख्यानात तो मिळत नाही.

अमृतवेल | शनिवार, दुपारी १:५०

क्रमाचा मुद्दा पटला. पण मग विद्यापीठातले वरचे विषय किमान चार हवेत. एकटी बायोकेमिस्ट्री पुरणार नाही.

खाडीपार | शनिवार, दुपारी २:२२

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी, कारण इथले नियम वेगळे आहेत.

राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, क्वार्टर युनिटला ३१ डॉलर. पैशाची अडचण इथे फारशी नसते, जागेची असते. १०० युनिटच्या वर गेलेल्या विद्यार्थ्याचं नोंदणीतलं प्राधान्य जातं. पदवीधर आणि नव्याने आलेल्यांना उशिराची तारीख मिळते आणि तोवर संध्याकाळच्या लॅब भरलेल्या असतात. वेटलिस्टवर नाव घालायचं आणि पहिल्या दिवशी वर्गात आणि लॅबमध्येही हजर राहायचं. जे नोंदवून येत नाहीत त्यांची नावं पहिल्याच दिवशी कापतात आणि ॲड कोड (नाव घालायला लागणारा क्रमांक) तिथे बसलेल्यांना मिळतो.

सी किंवा त्याहून चांगली ग्रेड असलेला विषय त्याच डिस्ट्रिक्टमध्ये साधारणपणे परत घेता येत नाही. डी, एफ असेल किंवा मध्येच डब्ल्यू घेतली (म्हणजे विषय सोडला) असेल तर घेता येतो, पण प्रयत्नांना मर्यादा असते, आणि डब्ल्यूसुद्धा प्रयत्न म्हणून धरतात. आधीचा विषय विद्यापीठात झाला असेल तर हा अडथळा सहसा येत नाही.

डी अँझा, फुटहिल इथे क्वार्टर पद्धत आहे. जनरल केमिस्ट्री तीन क्वार्टरची मालिका, ऑर्गॅनिकही तीन. दोन तुकडे इथे आणि उरलेलं ओलोनीसारख्या सेमिस्टरवाल्या कॉलेजात केलं, तर अभ्यासक्रमात भोक पडतं आणि शाळा 'पूर्ण वर्ष झालं नाही' म्हणू शकते. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा. ॲमकासमध्ये क्वार्टर युनिटला दोन-तृतीयांशाने गुणतात, म्हणजे ५ युनिटचे ३.३ क्रेडिट होतात. 'आठ क्रेडिट हवेत' असं लिहिणाऱ्या शाळेसाठी हा हिशेब आधी करा.

कुठला कोर्स यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) कुठल्या कोर्सच्या बरोबरीचा आहे हे असिस्ट या राज्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. त्याचं पान छापून ठेवा. पुढे एखाद्या शाळेने शंका काढली तर कामाला येतं.

ह्यूस्टनकर | शनिवार, दुपारी ३:०४

टेक्सासचंही सांगतो. इथे सार्वजनिक कॉलेजांत कोर्सचे क्रमांक सामायिक आहेत. जनरल केमिस्ट्री १४११ आणि १४१२, ऑर्गॅनिक २४२३ आणि २४२५, बायोलॉजी १४०६ आणि १४०७, बीजगणिती फिजिक्स १४०१ आणि १४०२. हे आकडे जुळले की चुकीचा कोर्स घेण्याचा धोका जवळपास संपतो. एकच विषय तिसऱ्यांदा घेतला तर मात्र कॉलेज जास्त दराने फी लावू शकतं.

ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट हा राज्याचा कायदा आहे. १० वर्षांहून जुने विषय प्रवेशाच्या वेळी न धरण्याची विनंती रहिवासी करू शकतो आणि टीएमडीएसएएस ते मानतं. ऐकायला गोड आहे, पण त्यात निवड करता येत नाही. चांगल्या ग्रेडही जातात आणि त्या क्रेडिटवर मिळालेली पदवीही धरत नाहीत. म्हणजे जवळपास पहिल्यापासून शिकायचं. शिवाय ॲमकासला हा कायदा लागू नाही, तिथे जुनं सगळं दिसतं.

राज्याच्या सार्वजनिक मेडिकल स्कूलना बाहेरच्यांना १० टक्क्यांपर्यंतच जागा देता येतात. त्यामुळे टेक्सासचा रहिवासी असणं हेच मोठं भांडवल आहे. एडिसनवाल्यांना ते लागू नाही, वाईट वाटून घेऊ नका. :-)

दूरदेशी | शनिवार, दुपारी ४:३०

थोडं अवांतर. पुण्याहून तीन वर्षांची बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालेली, आता एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा). अशांनी कम्युनिटी कॉलेजातून सुरुवात करावी का?

सोनचाफा | शनिवार, संध्याकाळी ५:१२

@दूरदेशी, एच-४ वर शिकायला बंदी नाही. अडचण पुढे येते. अमेरिका-कॅनडाबाहेरचे गुण ॲमकास जीपीएत घेत नाही. बऱ्याच शाळांना अमेरिका किंवा कॅनडातल्या मान्यताप्राप्त संस्थेत किमान एक वर्ष, काहींना ९० क्रेडिटपर्यंत अभ्यास हवा असतो. तीन-चार विषय कम्युनिटी कॉलेजात करून अर्ज, असं इथे होत नाही. नाकेस या मूल्यांकन संस्थांच्या संघटनेची सदस्य असलेल्या संस्थेकडून कोर्सगणिक मूल्यांकन करून घ्यायचं, कम्युनिटी कॉलेजात पाया, मग विद्यापीठात बदली आणि तिथली पदवी, हा खरा मार्ग. साधारण तीन वर्षं तरी धरा.

दुसरं, ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेणाऱ्या शाळा थोड्या आहेत, आणि त्यातल्या काही एक ते चार वर्षांची फी आधी खात्यात दाखवायला सांगतात. फेडरल कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्ड किती दूर आहे ते बघूनच पैसे घाला. फीच्या दराचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात एक वर्षाच्या वास्तव्यानंतर एच-४ वाल्यांनाही रहिवाशाचा दर मिळू शकतो.

भारतात एमबीबीएस झालेल्यांनी मात्र हा धागा सोडून द्यावा. त्यांना ईसीएफएमजी (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र) आणि यूएसएमएलई (परवान्याची परीक्षा) यांचा वेगळा रस्ता आहे.

रुपयाडॉलर | शनिवार, संध्याकाळी ६:०१

पैशांबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. पदवी हातात असली की पेल ग्रँट (फेडरल अनुदान) बंद. पण मेडिकल स्कूलच्या तयारीसाठी लागणाऱ्या विषयांना सलग १२ महिन्यांच्या एका कालावधीपुरतं फेडरल कर्ज मिळू शकतं. कमाल १२,५०० डॉलर, आणि किमान अर्धवेळ म्हणजे सहसा ६ क्रेडिट तरी हवेत. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात 'प्रिपरेटरी कोर्सवर्क' हाच शब्द वापरा, नाहीतर खिडकीवरचा माणूस 'नॉन-डिग्रीला कर्ज नाही' म्हणून परत पाठवतो. हा कालावधी एकदाच मिळतो, म्हणून तो महागड्या विद्यापीठाच्या वर्षासाठी राखून ठेवा. कम्युनिटी कॉलेजचं पगारातून भागवा.

न्यू जर्सीत काउंटीच्या आतला दर आणि बाहेरचा दर यात मोठी तफावत असते. पत्त्याचा पुरावा नोंदणीआधीच द्या.

आणि पुढचाही विचार आत्ताच करा. जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज) नाही. मेडिकलसारख्या अभ्यासक्रमाला फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. खाजगी शाळांची यादी करताना ही मर्यादा शेजारी लिहून ठेवा.

एडिसनकर | शनिवार, रात्री ८:४७

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. ऑर्गॅनिक १ परत घ्यायचं हे पक्कं. पण ऑर्गॅनिक २ आणि जनरल केमिस्ट्री २ दोन्हीकडे सी आहे, म्हणजे पूर्वअट पूर्ण होते. तीही परत घ्यायची का? आणि फिजिक्सचं काय?

गणिती | शनिवार, रात्री ९:१०

फिजिक्स सोडा. बी मायनस परत घेऊन ए आली तरी दोन्ही मिळून ३.३५, आणि आठ क्रेडिट खर्ची पडतात. तेच आठ जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजीला द्या. फिजिक्सची डागडुजी एमकॅटच्या तयारीत होते.

परीक्षानळी | शनिवार, रात्री ९:३६

ऑर्गॅनिक २ परत घ्यावं असं मला वाटतं. पहिल्या भागाला सी मायनस आणि दुसऱ्याला सी, ही जोडी वाचणाऱ्याच्या डोळ्यात भरते. फक्त पहिला भाग सुधारला तर त्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्याची सी तशीच राहते.

अमृतवेल | शनिवार, रात्री १०:०२

उलट ऑर्गॅनिक २ सोडावं. आता अनेक शाळा दुसऱ्या सेमिस्टरच्या ऑर्गॅनिकऐवजी बायोकेमिस्ट्री मान्य करतात. एमकॅटमध्येही बायोकेमिस्ट्री दोन्ही विज्ञान विभागांत सुमारे २५ टक्के आहे, ऑर्गॅनिक जीवशास्त्राच्या विभागात ५ आणि रसायन-भौतिकच्या विभागात १५ टक्के. कार्बोनिलचं रसायन पक्कं करून थेट बायोकेमिस्ट्रीला ए आणली तर ऑर्गॅनिक २ च्या सी कडे कुणी वळून बघत नाही.

परीक्षानळी | शनिवार, रात्री १०:२०

कार्बोनिल पक्कं कुठून होणार? ते ऑर्गॅनिक २ मध्येच शिकवतात. आल्डॉल, क्लेझन, इमिन तयार होणं, आम्ल-आम्लारीचा पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा) अंदाज, या चार गोष्टी कच्च्या ठेवून ग्लायकोलिसिस आणि फॅटी ॲसिडचं विघटन पाठ करावं लागतं. पाठ केलेलं दुसऱ्या परीक्षेपर्यंत टिकतं, तिसऱ्याला कोसळतं.

सी कशाने येते तेही सांगते. मुलं रासायनिक अभिक्रिया कार्डांवर लिहून पाठ करतात. इलेक्ट्रॉनचे बाण कुठून कुठे जातात हे हाताने काढत नाहीत. पहिले तीन आठवडे रेझोनन्स, फॉर्मल चार्ज आणि पीकेए यांवर घालवले नाहीत तर एसएन१, एसएन२, ई१, ई२ या अभिक्रियांचा धडा येतो तेव्हा सगळं एकसारखं दिसायला लागतं. चार क्रेडिटच्या ऑर्गॅनिकला तीन तास व्याख्यान, तीन ते चार तास लॅब आणि घरी आठवड्याला दहा तास, असा वेळ काढता येत नसेल तर त्या सेमिस्टरला नाव घालू नये. बऱ्याच कॉलेजांत वर्षाच्या शेवटी अमेरिकन केमिकल सोसायटीची परीक्षा असते, ११० मिनिटांत ७० प्रश्न. तिचं अधिकृत अभ्यास पुस्तक जानेवारीतच मागवा.

सोनचाफा | रविवार, सकाळी ८:३०

दोघांचं वाचलं. मला परीक्षानळीचं पटतं, पण एका अटीवर. ऑर्गॅनिक १ ला निदान ए मायनस आली तरच ऑर्गॅनिक २. बी आली तर तिथेच थांबून आखणी पुन्हा करावी. जनरल केमिस्ट्री २ मात्र परत घ्यावी. बफर, टायट्रेशन, समतोल, इलेक्ट्रोकेमिस्ट्री हे एमकॅटला थेट विचारतात आणि तिथेच सी आहे.

नोकरी सांभाळून क्रम असा बसतो. आत्ताच्या उन्हाळ्यात जनरल केमिस्ट्री २ घेऊ नका. आठ आठवड्यांत लॅबसह तो कोर्स नोकरीसोबत झेपत नाही. त्याऐवजी सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी ऑनलाइन उरका, त्यांना लॅब नाही. सप्टेंबरला ऑर्गॅनिक १ आणि जनरल केमिस्ट्री २, दोन्ही वेगवेगळ्या संध्याकाळी. हे जड वाटलं तर केमिस्ट्री २ जानेवारीला ढकला, पण ऑर्गॅनिक ढकलू नका, कारण छोट्या कॉलेजांत ऑर्गॅनिक १ फक्त सप्टेंबरला आणि २ फक्त जानेवारीला निघतं. चुकलं की वर्ष जातं. जानेवारीला ऑर्गॅनिक २. हे सगळं कम्युनिटी कॉलेजात.

दुसऱ्या सप्टेंबरपासून विद्यापीठ. बायोकेमिस्ट्री आणि जेनेटिक्स, जानेवारीला सेल बायोलॉजी आणि फिजिऑलॉजी. गणिती म्हणाले ती २८ क्रेडिट याने पूर्ण होतात. विद्यापीठ जेनेटिक्सला कोणती पूर्वअट लावतं आणि वरचे विषय नॉन-डिग्रीवाल्यांना कधी उघडतात, हे या वर्षीच ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

खाडीपार | रविवार, सकाळी ९:१५

यात एमकॅट कुठे बसवायची? चौथ्या सेमिस्टरला दोन वरचे विषय, नोकरी आणि एमकॅट, तिन्ही एकदम होणार नाही.

सोनचाफा | रविवार, सकाळी ९:५८

बरोबर आहे, माझ्या आखणीतली तीच कमजोर जागा. मार्ग दोन. नोकरीत तीन महिने अर्धवेळ करता येत असेल तर एप्रिलच्या शेवटी परीक्षा, निकाल महिनाभराने, मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला ॲमकास भरायला तयार. नसेल जमत तर चौथं सेमिस्टर संपवून उन्हाळाभर एमकॅटचा अभ्यास, परीक्षा ऑगस्टमध्ये, आणि अर्ज पुढच्या वर्षीच्या जूनला. दोन वर्षांचा हट्ट धरून ५०२ आणण्यापेक्षा तिसरं वर्ष देऊन ५१२ आणणं या जीपीएला जास्त गरजेचं आहे. परीक्षा वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि सगळे निकाल शाळांना दिसतात. 'सहज देऊन बघू' असं करू नये.

कागदपत्र | रविवार, सकाळी ११:२०

अर्जाच्या टप्प्यावर कम्युनिटी कॉलेजवाल्यांचं अडतं ते ट्रान्सक्रिप्टवर. जिथे जिथे एक विषय जरी घेतला त्या प्रत्येक संस्थेचं ट्रान्सक्रिप्ट ॲमकासला हवं. हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एन्रोलमेंटने घेतलेला एखादा वर्ग असेल तर त्याही कॉलेजचं. विद्यापीठाने ते क्रेडिट स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर दाखवले असले तरी मूळ कॉलेजचं स्वतंत्र लागतं. एखादी संस्था लपवली आणि नंतर उघडकीला आली तर चौकशी होते आणि तिचा अहवाल शाळांना जातो.

विषयांची यादी भरताना ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरायचं. परत घेतलेल्या विषयाला 'रिपीट' अशी खूण करायची, डब्ल्यूसुद्धा लिहायची. चुका जास्त निघाल्या तर अर्ज परत येतो. गर्दीच्या काळात पडताळणीला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टमध्ये अर्ज करणाऱ्यांत फार फरक पडतो. चौथ्या सेमिस्टरच्या ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर चढल्या आहेत हे स्वतः बघूनच ते मागवा. घाईत आदल्या दिवशी मागवलं तर त्या ग्रेड नसलेलं ट्रान्सक्रिप्ट जातं.

शिफारसपत्रं ग्रेड लागल्या लागल्या मागा. बऱ्याच शाळांना दोन विज्ञान शिक्षकांची आणि एक इतर विषयाची लागतात. कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ शिकवणारे प्राध्यापक पुष्कळ असतात, दोन वर्षांनी त्यांचा ईमेल बंद झालेला असतो. पत्र तेव्हाच लिहून घेऊन पत्रं जपून ठेवणाऱ्या इंटरफोलिओसारख्या संकेतस्थळावर ठेवून द्या.

तळेगावची | रविवार, दुपारी १२:०५

+१. शेवटचा परिच्छेद लाखमोलाचा.

अमृतवेल | रविवार, दुपारी १:३३

@सोनचाफा, ऑर्गॅनिक १ चा निकाल बघून पुढचं ठरवायचं ही अट मला मान्य. त्यात भर एवढीच: पहिल्या परीक्षेत ८५ च्या खाली गुण आले तर डब्ल्यूची शेवटची तारीख जाण्याआधी केमिस्ट्री २ सोडून द्यावी आणि सगळा वेळ ऑर्गॅनिकला द्यावा. एक डब्ल्यू खपून जाते. नव्या ओळीतली दुसरी सी खपत नाही.

एडिसनकर | रविवार, रात्री ९:२०

भाचीला धागा वाचायला दिला. ऑगस्टची एमकॅट आणि तिसऱ्या वर्षीचा अर्ज, हा पर्याय तिला पटला आहे. शेवटचा एक प्रश्न. कॉलेजच्या संगणकावर ऑर्गॅनिक १ ला नाव घालायला गेलं की 'पूर्वअट अपूर्ण' असं येतं, कारण जनरल केमिस्ट्री दुसरीकडे झाली आहे. यासाठी अधिकृत ट्रान्सक्रिप्टची वाट बघावी लागते का?

परीक्षानळी | रविवार, रात्री ९:४४

सहसा नाही. जुन्या विद्यापीठाच्या पोर्टलवरून अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट उतरवून घ्या आणि केमिस्ट्री विभागाला किंवा ॲडव्हायझिंगला 'प्रीरिक्विझिट ओव्हरराइड' हवा म्हणून ईमेल करा. सोबत त्या वर्षीचं कोर्सचं वर्णन जोडा. कॉलेजची ईमेल नसेल तर स्वतःचा विद्यार्थी क्रमांक विषयाच्या ओळीतच लिहा. जनरल केमिस्ट्री २ ला सी आहे, बहुतेक ठिकाणी तेवढी चालते, तरी 'ऑर्गॅनिकसोबत केमिस्ट्री २ पुन्हा घेणार आहे' हेही लिहा, म्हणजे संगणकाने दोन्हींचा गोंधळ घातला तर त्यांना कारण कळेल. उद्या सकाळीच पाठवा, संध्याकाळची लॅब एकच सेक्शन असते.